अंडे अडलेली कोंबडी

बाळंतपणात स्त्री अडते, गाय अडते, तशीच कोंबडीही अडते. पूर्ण तयार झालेले अंडे अंडनलिकेच्या शेवटच्या भागात अडकून राहते आणि कितीही कुंथले तरी बाहेर पडत नाही. इंग्रजीत अशा कोंबडीस 'एग बाउंड' म्हणतात. त्याचा शब्दशः अनुवाद करण्याऐवजी 'अंडे अडले' हा आपल्या बोलीतला प्रयोगच येथे स्वीकारला आहे. त्यातून प्रसंगाची निकडही ध्वनित होते. कारण अंडे अडलेल्या कोंबडीस वेळीच मदत मिळाली नाही, तर एकदोन दिवसांत ती मरण्याचा संभव असतो.

अंड्याचा प्रवास पाहिला म्हणजे अडथळ्याचे कारण उमगते. कोंबडीचे बहुधा डावे अंडाशय व डावी अंडनलिका एवढीच कार्यक्षम असतात. अंडाशयातून सुटलेला बलक नलिकेत शिरतो. सुमारे तीन तासांत त्याभोवती पांढरा बलक जमतो, आणखी तासाभराने पातळ पडदे चढतात, आणि मग कवच तयार होण्यास जवळजवळ वीस तास लागतात. एका कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते. रक्तात एका वेळी असणाऱ्या कॅल्शियमपेक्षा हे प्रमाण कितीतरी पटींनी अधिक असल्याने उरलेले आहारातून व हाडांतून ओढून घ्यावे लागते. कवच घडविणारे हेच द्रव्य अंडे ढकलणाऱ्या स्नायूंच्या आकुंचनासही लागते. ते कमी पडले की कवच मऊ होते आणि स्नायूही दुबळे पडतात. म्हणजे दुहेरी संकट ओढवते.

या दृष्टीने भिलाईचे उदाहरण बोलके आहे. १९५५ च्या करारानंतर उभारलेल्या पोलाद कारखान्याभोवती ही वसाहत वाढली. परंतु भोवतालचा मुलूख भाताचा. क्वार्टरच्या परसात चारसहा कोंबड्या पाळणाऱ्या घरी त्यांच्यापुढे सहसा कणी, कोंडा आणि उरलेला भात पडतो. पोट भरते, पण तांदळात कॅल्शियम अत्यल्प असते, आणि कोंड्यातील स्फुरदयुक्त द्रव्य असलेले कॅल्शियमही बांधून ठेवते. त्यात मे महिन्याचा उन्हाळा. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडी ठेवून धापा टाकते. तिचे खाणे घटते, आणि धापांमुळे रक्तातील कर्बाम्ल वायू कमी होऊन कवच पातळ होते. याखेरीज फार लवकर अंड्यावर आलेली तलंग, अतिशय लठ्ठ कोंबडी आणि दोन बलकांचे मोठे अंडे ही कारणेही आहेतच.

लक्षणे ओळखताना घाई करू नये. अडलेली कोंबडी शेपूट खाली टाकून, अंग ताठ उभे धरून उभी राहते, पुनःपुन्हा घरट्यात जाते, कुंथते व रिकामीच परतते, दाणा सोडते. अंड्याचा दाब मज्जातंतूंवर पडला तर पायही लटके पडतात. खुडूक कोंबडीही घरट्यात बसून राहते, पण तिचा थाट निराळा असतो: पिसे फुलवून ती हातावर धावून येते आणि दिवसातून एकदा उठून खाऊन जाते. खात्रीसाठी शेपटीखाली, कटीच्या दोन हाडांमध्ये बोटांनी अगदी हळुवार चाचपावे. तेथे अंड्याएवढा टणक गोळा लागला तर शंका बहुतांशी फिटते. मऊ कवचाचे अंडे मात्र असे हाताला लागेलच असे नाही.

मग करावे काय? घमेल्यात कोमट पाणी घ्यावे. कोपर बुडविले असता सुखद वाटेल इतकेच ऊन. त्यात कोंबडीचे पोट व मागचा भाग बुडेल असे तिला पंधरावीस मिनिटे धरून ठेवावे. ऊब मिळाली की स्नायू सैल होतात. नंतर अंग कोरडे करून गुदद्वाराभोवती थोडे खोबरेल लावावे आणि तिला अंधाऱ्या, निवांत जागी एकटीच ठेवावे. जवळ पाणी असू द्यावे. थंडीच्या रात्री टोपलीत गोणपाट घालून ऊब द्यावी. पुस्तकांत 'ऊब द्या' हा सल्ला सरसकट आढळतो. तो थंड देशांतील लेखकांचा असतो. भिलाईच्या मेमधील दुपारी आधीच धापा टाकणाऱ्या कोंबडीला आणखी तापविणे घातक ठरेल. तिला प्रथम सावलीत आणावे, पाणी पाजावे आणि स्नान पहाटे अथवा सायंकाळी, थोडा वेळच घालावे.

तासाभरात अंडे पडले नाही तर स्नान पुन्हा एकदा द्यावे. पण पोट दाबून अंडे ढकलू नये, आणि ते आतल्या आत फोडण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. कवचाच्या कडांनी नलिका फाटते, आतला स्राव पसरून सूज येते, आणि वाचू शकली असती अशी कोंबडी त्यातच मरते. पानाचा चुना पाजण्याचाही विचार करू नये. तो दाहक असतो.

दिवस उलटेपर्यंत वाट पाहण्यात अर्थ नाही. कोंबडी मलूल झाली, पाय लटके पडले किंवा नलिकेचा लाल भाग बाहेर आला, तर तत्काळ पशुवैद्य गाठावा. दुर्गजवळ अंजोरा येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पशुवैद्य कॅल्शियमचे इंजेक्शन देतात, आणि प्रसंग पाहून अंड्यातील द्रव सुईने काढून घेतात. आकुंचन वाढविणारी औषधे दुकानातून आणून स्वतः टोचू नयेत. अंडे चिकटलेले असेल तर नलिका फाटते. बाहेर आलेला भाग ओला व स्वच्छ ठेवावा आणि इतर कोंबड्यांना दूर ठेवावे, कारण लाल रंग दिसताच त्या टोचू लागतात. मात्र एकाच वेळी अनेक कोंबड्या मलूल वा मेलेल्या आढळल्या, तर तो अंडे अडल्याचा प्रकार नव्हे. त्यांना हात न लावता पशुसंवर्धन खात्यास कळवावे.

अंडे पडल्यावर आठवडाभर कोंबडीवर नजर ठेवावी. एकदा अडलेली पुन्हा अडण्याचा संभव असतो. शिंपल्यांचा चुरा दाण्यात न मिसळता वेगळ्या वाटीत ठेवावा, म्हणजे जिला गरज असेल ती हवा तेवढा उचलते. शिंपले न मिळाल्यास घरचीच कवचे भाजून, ओळखू येणार नाहीत इतकी बारीक कुटून ठेवावीत. कवचे ओळखता येण्याजोगी टाकली, तर कोंबड्यांना अंडी फोडून खाण्याची खोड लागते असा पाळणाऱ्यांचा अनुभव आहे.