डिजिटल झूम आणि मालाचा फोटो

बाहेरगावचा ग्राहक पेढीवर येऊन माल हाताने पाहील, असे आता राहिलेले नाही. पुष्कळ सौदे फोटोवरच ठरतात. फोटोत वीण, बुट्टीची कड, जरीची रेघ स्पष्ट दिसली नाही तर अस्सल मालही हलका वाटतो. उलट, फोटोत एक आणि गाठोड्यात दुसरेच निघाले तर माल परत येतो आणि दोन्ही वेळचे भाडे अंगावर पडते. म्हणून कॅमेऱ्यातील झूमची माहिती असणे जरुरीचे आहे.

कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यात झूम दोन प्रकारचा असतो. पहिला ऑप्टिकल. यात भिंगे पुढे-मागे सरकतात आणि वस्तूची प्रतिमा खरोखरच मोठी होऊन सेन्सरवर पडते. दुसरा डिजिटल. यात भिंग जागचे हलत नाही. कॅमेरा चित्राचा मधला तुकडा कापतो व तोच मोठा करून दाखवतो. कापड कितीही ताणले तरी त्यातले धागे वाढत नाहीत, वीण फक्त विरळ होते. डिजिटल झूमचे तसेच आहे.

हिशेब पाहा. १६ मेगापिक्सेलचा कॅमेरा १ कोटी ६० लाख ठिपक्यांचे चित्र घेतो. डिजिटल झूम २ पट केला की लांबी निम्मी आणि रुंदीही निम्मी होते. म्हणजे चौथा हिस्सा, ४० लाख ठिपके उरतात. ४ पट केला की सोळावा हिस्सा, फक्त १० लाख. चित्र पुन्हा मोठे करताना उरलेले ठिपके कॅमेरा शेजारच्या रंगांवरून अंदाजाने भरतो. आपला ग्राहक त्या अंदाजाला कापड समजतो!

कॅमेरा घेताना '२० पट झूम' ऐकून भुलू नका. ऑप्टिकल ५ पट आणि डिजिटल ४ पट यांचा गुणाकारही २० होतो. ऑप्टिकल किती, एवढेच विचारा. बऱ्याच कॅमेऱ्यांत पडद्यावरील झूमच्या पट्टीवर मध्ये एक खूण असते. तिच्यापुढे डिजिटल झूम सुरू होतो. मेनूत जाऊन तो बंदही करता येतो. मोबाइलवर एकच भिंग असेल तर बोटांनी चित्र मोठे करणे म्हणजे डिजिटल झूमच.

मग वीण कशी दाखवावी?

१. झूम न करता कॅमेरा कापडाजवळ न्या. फुलाचे चिन्ह असलेला मॅक्रो पर्याय याच कामासाठी आहे.

२. दोन फोटो काढा : एक पूर्ण कापडाचा, दुसरा विणीचा. विणीशेजारी फूटपट्टी ठेवा, म्हणजे आकार समजेल.

३. कॅमेरा स्टँडवर किंवा पुस्तकांच्या थप्पीवर ठेवून २ सेकंदांचा टायमर लावा. हात हलला तर वीण पुसट होते.

४. बारीक विणीवर कधी लाटांसारखे पट्टे उमटतात. ते कापडात नसतात. धाग्यांच्या आणि सेन्सरच्या ओळी एकमेकींत गुंतल्याने दिसतात. अंतर किंवा कोन थोडा बदलून पुन्हा फोटो घ्या.

५. जरीवर फ्लॅश मारू नका. खिडकीचा उजेड बरा.

वस्तू उंचावर असेल, जवळ जाता येत नसेल, तर पूर्ण फोटो काढून मधला भाग नंतर संगणकावर कापावा. डिजिटल झूमचे बहुतेक काम त्यातच होते, आणि मूळ चित्र शाबूत राहते.

नमुना जसा, तसाच फोटो असावा. पुढची ऑर्डर त्यावरच येते.