तळ्याचे वाटेकरी

भंडारा हा तळ्यांचा जिल्हा. लाखांदूरच्या परिसरात धानाची शेती होते. पावसाने डोळे वटारले, की साऱ्या गावाची नजर तळ्याकडे लागते. जिल्ह्यातील अनेक जुनी तळी कोहळी समाजातील कसबी लोकांनी बांधली. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि 'माजी मालगुजारी' या शब्दांच्या आद्याक्षरांवरून त्यांना 'मामा तलाव' हे नाव पडले. पाणी एक, वाटेकरी अनेक. मग वाद हे व्हायचेच. ते मिटविण्याची विद्या शाळेत शिकता येईल काय?

लाखांदुरातील एखादा वर्ग डोळ्यांपुढे आणावा. गुरुजींनी मेजावर बारा चिंचोके मांडले. ते म्हणाले, "एक चिंचोका म्हणजे तळ्यातील पाण्याचा एक वाटा. घंटा होण्यापूर्वी वाटणी झाली नाही, तर पीक गेले असे समजावे." मुलांचे तीन गट पडले : हलके धान पिकविणारे, भारी धान पिकविणारे आणि मासे धरणारे ढीवर. प्रत्येक गटाने सहा वाटे मागितले. कोणी आवाज चढविला, कोणी रुसून बसला. घंटा झाली. गुरुजींनी मुकाट्याने सारे चिंचोके उचलले.

दुसऱ्या डावात एकच नियम वाढला. आपली मागणी मांडण्याआधी दुसऱ्याला 'का?' आणि 'केव्हा?' असे विचारायचे. मग चित्र पालटले. हलके धान लवकर निसवते. त्याला चारच वाटे हवे होते, पण आधी. भारी धान उशिरा निसवते. त्याला पाच वाटे मागाहून चालणार होते. मागे काही उरणार नाही, या भीतीनेच त्या गटाने हट्ट धरला होता. ढीवरांना तर पाणी बाहेर न्यायचेच नव्हते. तळाशी तीन वाटे राहिले, तरी मासे जगणार होते. चार, पाच आणि तीन मिळून बारा! पाणी सोडण्याचे दिवस फळ्यावर लिहिले गेले.

तेवढ्यात एका मुलीने विचारले, "गुरुजी, पाणी दहाच वाटे असते तर?"

"तर प्रत्येकाला थोडी झळ सोसावी लागली असती," गुरुजी म्हणाले, "आणि कोणी किती सोसावी, हेही बोलूनच ठरवावे लागले असते."

मागणी ओठांवर असते, गरज मनात असते. ती गरज ऐकून घेणे, ही वाटाघाटीची पहिली पायरी होय.

शब्दार्थ : निसवणे – लोंबी बाहेर पडणे. झळ – तोशीस.

स्वाध्याय
१. पहिल्या डावात तिन्ही गटांचे नुकसान का झाले?
२. दहा वाट्यांची वाटणी तुम्ही कशी कराल? कारणे द्या.