न दिसणारी मालमत्ता

चोरी म्हणजे काय, असा प्रश्न केला तर लहान मूलही चटकन उत्तर देईल : दुसऱ्याची वस्तू त्याला न विचारता उचलून नेणे म्हणजे चोरी. कायद्याची समजूतही फार काळ याहून वेगळी नव्हती. वस्तू डोळ्यांना दिसणारी हवी, ती जागची हलली पाहिजे, आणि तिला काही किंमत असली पाहिजे. गुरे, धान्य, दागिने, रोकड यांच्या बाबतीत ही समजूत शतकानुशतके पुरी पडली. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संगणक नावाचे यंत्र व्यवहारात आले, आणि मोठमोठ्या न्यायाधीशांनाही या साध्या प्रश्नापाशी थबकावे लागले.

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात एक तंत्रविद्यापीठ आहे. १९७०च्या दशकात तेथे संख्याशास्त्राचा एक विद्यार्थी पदवीसाठी प्रबंध लिहीत होता. त्याचे गणित संगणकावाचून सुटणारे नव्हते. त्या काळी संगणक म्हणजे खोलीभर पसरलेले अवजड यंत्र असे, आणि त्याचा प्रत्येक मिनिट मोजून, विभागाच्या खात्यावर मांडून दिला जाई. या विद्यार्थ्याच्या नावाने खाते उघडण्याचे राहून गेले होते. तेव्हा त्याने इतरांच्या खात्यांवर आपले काम चालविले. छिद्रे पाडलेली कार्डे तो यंत्राला देई, आणि उत्तरांचे कागद दुसऱ्यांच्या कप्प्यांतून किल्ली लावून घेऊन जाई. पुढे तो पकडला गेला. संगणक-केंद्राच्या प्रमुखाने हिशेब मांडला, तो सव्वीस हजार डॉलरांच्या वर गेला! खालच्या न्यायालयाने त्याला मोठ्या चोरीचा अपराधी ठरवून दोन वर्षांची शिक्षा फर्मावली. मात्र ती तहकूब ठेवली. त्याने रीतसर मागणी केली असती तर संगणकाचा वेळ त्याला मिळाला असता, अशी साक्ष त्याच्याच प्राध्यापकांनी दिली होती, हेही येथे सांगितले पाहिजे.

प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे गेले. १९७७ साली त्या न्यायालयाने शिक्षा रद्द केली. का? विद्यार्थी निर्दोष होता म्हणून नव्हे. संगणकाचा वेळ ही काही उचलून नेता येणारी चीजवस्तू नव्हे, आणि चोरीचा कायदा तर चीजवस्तूंपुरताच लिहिलेला, म्हणून. राहता राहिले उत्तरांचे कागद. परंतु त्या विद्यार्थ्यावाचून ते कोणाच्याही उपयोगाचे नव्हते. केंद्राच्या लेखी त्यांचे मोल रद्दीइतकेच. सव्वीस हजारांचा आरोप अशा रीतीने रद्दीच्या भावावर येऊन ठेपला.

हा निकाल कित्येकांना विचित्र वाटला. वस्तुतः त्यात विचित्र असे काही नाही. फौजदारी कायदा माणसाचे स्वातंत्र्य हिरावून घेऊ शकतो. म्हणून तो शब्दशः आणि काटेकोरपणे वाचावा लागतो. जे कृत्य कायद्याने गुन्हा ठरविलेले नाही, ते केवळ गैर वाटते म्हणून न्यायाधीशाने गुन्हा ठरवू लागावे, तर उद्या कोणाचीच धडगत नाही. कायद्यात फट असेल तर ती विधिमंडळाने बुजवावी. व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने ती तत्परतेने बुजविलीही. १९७८ साली संगणकाचा वेळ, त्याची सेवा आणि त्यातील माहिती ही मालमत्ताच होय, असे त्याने ठरविले, आणि १९८४ साली संगणक-गुन्ह्यांसाठी स्वतंत्र कायदा केला.

याच सुमारास फ्लोरिडा राज्यात निराळाच प्रकार घडला होता. मायामी येथे कुत्र्यांच्या शर्यतींवर पैजा लावण्याचे एक मैदान होते. तेथील काही नोकरांनी शर्यत संपल्यावर संगणकाकडूनच जिंकल्याची खोटी तिकिटे छापून घेतली, आणि खऱ्या विजेत्यांच्या वाट्याचा पैसा उचलला. १९७७ साली हे उघडकीस आले तेव्हा मोठी खळबळ उडाली. दुसऱ्याच वर्षी, १९७८ मध्ये, फ्लोरिडाने संगणक-गुन्ह्यांचा कायदा संमत केला. अशा प्रकारचा राज्याचा पहिला कायदा म्हणून तो गणला जातो. परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात शिरणे हाच त्याने गुन्हा ठरविला. आत शिरून काही चोरले वा बिघडविले असो वा नसो! कुंपण ओलांडून दुसऱ्याच्या मळ्यात शिरणाऱ्याने एकही कणीस तोडले नाही, तरी मालक त्याला हटकतोच. तसाच हा विचार.

येथे अमेरिकेची राज्यपद्धती ध्यानी घ्यावयास हवी. तेथे चोरी, मारामारी, फसवणूक अशा नित्याच्या गुन्ह्यांचे कायदे प्रत्येक राज्य स्वतः करते. आपल्याकडे संगणक-गुन्ह्यांसाठी २००० सालचा माहिती तंत्रज्ञान कायदा संसदेने केला, आणि तो मुंबईस जसा लागू आहे तसाच मद्रासेसही. अमेरिकेत हे उलट क्रमाने घडले. सिनेटर एब्राहम रिबिकॉफ यांनी १९७७ साली केंद्रीय कायद्याचे विधेयक मांडले, पण ते संमत झाले नाही. केंद्राचा पहिला कायदा झाला तो १९८४ साली. तोवर पुष्कळ राज्ये आपापल्या वाटेने पुढे निघून गेली होती. आज पन्नासही राज्यांत असे कायदे आहेत. मात्र त्यांचे शब्द एकसारखे नाहीत, शिक्षाही एकसारख्या नाहीत.

आणि खरी अडचण शब्दांचीच आहे. ‘संगणकात शिरणे’ म्हणजे नेमके काय? कॅन्सस राज्यात एका तरुणाने घरच्या संगणकावरून टेलिफोन कंपनीच्या यंत्रांना वारंवार फोन लावले. पलीकडून परवलीचा शब्द विचारला जाई. तो शब्द ओलांडून तो आत गेल्याचा पुरावा मात्र कोणापाशी नव्हता. धास्तावलेल्या कंपनीने बंदोबस्तावर तेवीस हजारांहून अधिक डॉलर खर्च केले, आणि हेच आपले नुकसान, असे सांगितले. कायद्याच्या व्याख्येत ‘जवळ जाणे’ हाही शब्द होता. १९९६ साली कॅन्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की संगणकाच्या नुसते जवळ जाणे हा गुन्हा मानला तर कायदा पाळणे कोणालाच शक्य होणार नाही. दारावर टकटक करणे म्हणजे घरात शिरणे नव्हे.

दुसरा शब्द ‘परवानगी’. वॉशिंग्टन राज्यातील एका पोलिसाने कचेरीच्या संगणकातून महाविद्यालयीन तरुणींच्या वाहन-परवान्यांची माहिती छापून घेतली. त्याचे वर्तन निंद्य होते, यात शंका नाही. परंतु संगणक वापरण्याची मुभा त्याला नोकरीनेच दिली होती. तेव्हा तो परवानगीवाचून ‘शिरला’ असे म्हणता येत नाही, असा निर्णय तेथील न्यायालयाने १९८७ साली दिला. पुढे २०२१ साली जॉर्जियातील एका पोलीस अधिकाऱ्याच्या प्रकरणात, केंद्रीय कायद्याचा अर्थ लावताना, अमेरिकेचे सर्वोच्च न्यायालयही सहा विरुद्ध तीन मतांनी अशाच निष्कर्षाला आले. नाहीतर कचेरीच्या संगणकावर क्षणभर क्रिकेटच्या धावा पाहणारा कारकूनही गुन्हेगार ठरावयाचा!

कायदा सैल असला तर चोर सुटतो; फार आवळला तर भलताच माणूस सापडतो. जॉर्जियाच्या विधिमंडळाने २०१८ साली परवानगीवाचून केलेला कोणताही प्रवेश गुन्हा ठरविणारे विधेयक संमत केले. संगणकांतील उणिवा शोधून त्या मालकांच्या नजरेस आणून देणारे जे तज्ज्ञ असतात, त्यांनी त्याला कसून विरोध केला; चोराला पकडून देणाऱ्यालाच तुम्ही बेड्या घालाल, असे त्यांचे म्हणणे होते. राज्यपाल नेथन डील यांनी विधेयकाला संमती नाकारली.

ही भीती अनाठायी नव्हती. २०२१ साली मिसुरी राज्यात एका वृत्तपत्राच्या बातमीदाराला आढळून आले, की शिक्षण-खात्याच्या संकेतस्थळावर शिक्षकांचे सामाजिक सुरक्षा क्रमांक कोणालाही वाचता येतील असे पडून आहेत. हे क्रमांक भामट्याच्या हाती लागले तर दुसऱ्याच्या नावाने कर्जही काढता येते. बातमीदाराने कुलूप तोडले नव्हते; पानामागची, प्रत्येकाच्या यंत्रावर आपोआप येणारी लिपी त्याने वाचली इतकेच. वृत्तपत्राने आधी खात्याला सावध केले, आणि ती चूक दुरुस्त होईपर्यंत बातमी रोखून धरली. तरीही राज्यपाल माइक पार्सन यांनी त्या बातमीदारावर संगणक-कायद्याखाली खटला भरण्याची भाषा केली, व पोलिसांकडून चौकशी करविली. कित्येक महिने त्याच्या डोक्यावर ही टांगती तलवार होती. अखेर फेब्रुवारी २०२२ मध्ये स्थानिक सरकारी वकिलांनी खटला न भरण्याचा निर्णय जाहीर केला. मात्र त्या कायद्याचे शब्द इतके ऐसपैस आहेत, की गुन्हा घडला असा युक्तिवाद करता आला असता, हेही त्यांनी त्याच वेळी सांगून टाकले.