दातांच्या मॉडेलमधलं पाणी आणि त्याचा कडकपणा



मुलांच्या दातांना तारा लावायच्या आधी डॉक्टर माप घेतात, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. ठशात पावडर कालवून ओततात आणि दातांचं हुबेहूब मॉडेल तयार होतं. हे मॉडेल जिप्समचं. वर्गात आपण 'स्फटिकजल' शिकवतो ना, त्याचं हे चालतंबोलतं उदाहरण.

जिप्सम तापवलं की त्यातलं पाऊण हिस्सा स्फटिकजल निघून जातं आणि प्लास्टर मिळतं. पाणी घातलं की त्याचं पुन्हा जिप्सम होतं. सुईसारखे स्फटिक एकमेकांत गुंततात. या अभिक्रियेला १०० ग्रॅम पावडरमागे फक्त १८.६ मिली पाणी लागतं. पण तेवढ्यात ती कालवलीच जात नाही! म्हणून साध्या प्लास्टरला ४५ ते ५० मिली, तर डेंटल स्टोनला २८ ते ३० मिली घालतात. रसायन एकच, पण स्टोनचे कण भरीव, म्हणून कमी पाण्यात भागतं. जास्तीचं पाणी स्फटिकांच्या मधे अडकून बसतं, आणि ते उडून गेलं की तिथे पोकळी राहते. स्टोन जास्त टणक का, याचं उत्तर इथे आहे.

आता खरी गंमत. मॉडेल तासाभरात घट्ट होतं, पण आतून ओलंच असतं. पूर्ण वाळल्यावर त्याची ताकद ओल्यापेक्षा दुप्पट किंवा जास्त भरते. ही वाढ हळूहळू होत नाही. शेवटचं साधारण २ टक्के पाणी जाताना ती एकदम होते. त्या पाण्यात थोडं जिप्सम विरघळलेलं असतं. पाणी उडताना त्याचे बारीक स्फटिक मोठ्या स्फटिकांच्या सांध्यांवर बसतात आणि त्यांना जखडून ठेवतात. मॉडेल पुन्हा भिजलं की हेच बारीक स्फटिक आधी विरघळतात, आणि ताकद उतरते.

पृष्ठभाग आधी वाळतो, त्यामुळे हाताला कडक लागलं म्हणजे आतून वाळलं असं नाही. ओल्या मॉडेलवर घाईने काम केलं तर दाताची कड झिजते, आणि त्यावर बनवलेली कॅप तोंडात नीट बसत नाही. नळाखाली धुणंही नको. भिजवायचंच तर तंत्रज्ञ जिप्समचं संपृक्त पाणी घेतात. त्यात आणखी जिप्सम विरघळत नाही. फार तापवूनही चालत नाही, ५५ अंशांच्या वर स्फटिकजलच सुटायला लागतं.

वर्गात करून बघा: एकाच मिश्रणाच्या दोन चकत्या आठवडाभर वाळवा, एक तासभर पाण्यात ठेवा, मग दोन्हींवर खिळ्याने ओरखडा काढा. मिश्रण चांगलंच गरम होतं, तेव्हा मुलांना त्यात हात बुडवू देऊ नका. उरलेलं बेसिनमध्ये ओतू नका, पाइप तुंबेल.

आणि पावडर हवाबंद डब्यातच ठेवा. पावसाळ्यात उघडी राहिली तर हवेतल्या दमटपणानेच कणांवर जिप्सम तयार व्हायला लागतं. अशी पावडर आधी नेहमीपेक्षा लवकर घट्ट होते, आणि आणखी दमट झाली की नीट घट्टच होत नाही.