दहा महिन्यांचं बाळ आणि पहिली सहल

प्रश्न : बाळ दहा महिन्यांचं आहे. परभणीहून जवळ कुठे न्यावं? सासूबाई म्हणतात, वर्षाचं होईपर्यंत प्रवास नको.

उत्तर : निरोगी आणि वेळेवर लसी झालेल्या बाळाला वर्षभर घरातच ठेवण्याची गरज नसते. सासूबाईंची काळजी मात्र खोटी नाही. एप्रिल-मेमध्ये परभणीचा पारा चाळिशी ओलांडतो आणि तान्ह्याचं अंग मोठ्यांपेक्षा लवकर तापतं. सहल थंडीतच काढावी.

पहिल्या खेपेला औंढा नागनाथ उत्तम. १९९९ मध्ये हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत हे ज्योतिर्लिंग परभणी जिल्ह्यातच होतं. अंतर साधारण पन्नास किलोमीटर; सकाळी लवकर निघालं तर दुपारच्या झोपेला बाळ घरी. गाभारा मात्र खाली तळघरात आहे. वाट अरुंद, पायऱ्या उभ्या, हवा कोंदट. तिथे बाळाला नेऊच नये. आईबाबांनी आळीपाळीने दर्शन घ्यावं; एकाने बाळाला बाहेरच्या भिंतींवरची कोरीव शिल्पं दाखवावीत. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्रीची गर्दी टाळावी.

पंचामृताचा थेंबही बाळाच्या ओठाला लावू नये. त्यात मध असतो, आणि वर्षाखालच्या मुलांना मधातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. हे आजी-आजोबांना निघण्याआधीच प्रेमाने सांगावं.

आईचं दूध, सोलून लगेच भरवायचं केळं आणि उकळून गार केलेलं पाणी एवढ्यावर अर्धा दिवस निभावतो.

नांदेडला जायचं तर रेल्वे बरी: पाय मोकळे करता येतात, आणि पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळी जागा न घेतल्यास तिकीट लागत नाही.

आदल्या दिवशी ताप किंवा जुलाब असतील, तर बेत सरळ रद्द करावा.