वर्गात जरा गप्प राहायला शीक

अगं सोनू, तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. नोकरी लागल्याचा आनंद त्यात होताच, पण धाकधूकच जास्त ऐकू आली. “ताई, इथे पीवायपी म्हणतात, लर्नर प्रोफाइल म्हणतात, इन्क्वायरी म्हणतात. बीएडला यातलं काही म्हणजे काही नव्हतं.” घाबरू नकोस. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मी या आयबी शाळेत आले तेव्हा भिंतीवरचं लर्नर प्रोफाइलच्या दहा गुणांचं पोस्टर बघून माझ्याही पोटात गोळा आला होता. आयबी म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, १९६८ साली जिनिव्हात सुरू झालं ते बदलीमुळे देशोदेशी फिरणाऱ्यांच्या मुलांना कुठल्याही देशातल्या विद्यापीठात जाता यावं म्हणून. प्राथमिकचं पीवायपी तर १९९७ मधलं. ते शब्द महिनाभरात तोंडी बसतात. लवकर बसत नाही ती गप्प राहण्याची सवय.

माझी फजिती सांगते. चौथीचा वर्ग, पाण्याचं युनिट. रात्री जागून चोवीस स्लाइडी केल्या होत्या. पहिलाच प्रश्न टाकला, “आपल्या मुंबईच्या नळाला पाणी कुठून येतं?” कुणीतरी म्हणालं, “टाकीतून.” मी लगेच, “आणि टाकीत?” आणि श्वास न घेता उत्तरही मीच दिलं. भातसा, तानसा, वैतरणा, नकाशा, बाण, सगळं. मुलं गुमान बघत बसली. पुढच्या वर्षी ऐन वेळी स्मार्टबोर्ड बंद पडला, म्हणून नाइलाजाने थांबावं लागलं. प्रश्न तोच. शांतता. मी खडू हातात घेऊन उभी, जीव कासावीस. मग मागच्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी तोंड उघडायची नाही, म्हणाली, “धरणं शहापूरकडे आहेत ना? मग तिथल्या लोकांना दिवसभर पाणी येत असेल.” दुसरा उसळून म्हणाला, “नाही, माझ्या मावशीकडे उन्हाळ्यात टँकर येतो!” बस, पुढचे तीन आठवडे युनिट मुलांनीच ओढलं. धरणाजवळच्यांना पाणी मिळतं का, हा प्रश्न माझ्या चोवीस स्लाइडींत कुठेच नव्हता, बरं का.

मेरी बड रो नावाच्या अमेरिकन बाईंनी वर्गांचं टेपरेकॉर्डिंग ऐकून हे मोजलंय. प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात, कारणं द्यायला लागतात, न बोलणारी बोलतात. तीन सेकंद म्हणजे काय मोठं, असं वाटेल तुला. उभी राहून बघ एकदा. युग वाटतं.

आता गप्प राहणं म्हणजे मुलांना लॅपटॉप देऊन “शोधा” म्हणणं नव्हे. या शाळांतून इन्क्वायरीच्या नावाखाली हा आळस फार चालतो, आणि मला तो अजिबात पटत नाही. अपूर्णांकांची बेरीज शोधून सापडत नाही, ती फळ्यावर नीट शिकवावी लागते. पाढे तर पाठच करून घे. कुणी नाक मुरडलं तर माझं नाव सांग.

दुसरी गोष्ट, वर्गात एखादं कोरियन किंवा जर्मन मूल येईल आणि महिनोन्‌महिने एक शब्द बोलणार नाही. त्याला खोदून खोदून विचारू नकोस. ते आत भाषा साठवत असतं. मग एके दिवशी मैदानावर फाडफाड इंग्रजी बोलताना दिसेल आणि तुला वाटेल, झालं, आता याला सगळं येतं! तिथेच आपण फसतो. कॅनडातले जिम कमिन्स सांगतात, की खेळायची-बोलायची भाषा दोनेक वर्षांत येते, पण विज्ञानाचं उत्तर लिहायची भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात. तोवर त्याला आधी त्याच्या घरच्या भाषेत लिहू दे, चित्र काढू दे. माझ्याकडच्या एका मुलीने बाष्पीभवनाचं अख्खं पान कोरियनमध्ये लिहिलं होतं. तिच्या आईने वाचून दाखवलं तेव्हा कळलं, वर्गातलं सगळ्यात अचूक उत्तर तिचंच होतं. आणि आपली मराठी पोरं कोपऱ्यात मराठीतून भांडत-भांडत गणित सोडवत असतील तर कृपा करून “इंग्लिश प्लीज” म्हणत त्यांच्या डोक्यावर जाऊन उभी राहू नकोस.

तिसरं वह्यांचं. तिथेही जरा गप्प राहायचं, म्हणजे आकडा घालायचा नाही. रूथ बटलर यांनी १९८८ साली एक प्रयोग छापला. काही मुलांना नुसते गुण दिले, काहींना नुसता शेरा, काहींना दोन्ही. सुधारली ती नुसता शेरा मिळालेली. दोन्ही मिळालेली मुलं नुसत्या गुणवाल्यांइतकीच राहिली, कारण आकडा दिसला की शेरा कोण वाचतंय? आपणही लहानपणी दहापैकी किती तेवढंच बघायचो ना? पण शेरा म्हणजे “छान!” नव्हे. “तू कारण दिलंस, आता पुरावा दे,” असं काहीतरी, ज्याने मूल पेन उचलेल. रिपोर्टात आकडे द्यावेच लागतात, ते दे. रोजच्या वहीत नको.

पालकसभेत मात्र गप्प राहू नकोस. पहिलाच बाबा विचारेल, “मॅडम, पुस्तकच नाही, तर पोर्शन किती झाला?” त्यांना वैतागू नकोस, लाखोंनी फी भरलेली असते बिचाऱ्यांनी. मुलाची जूनमधली वही आणि आत्ताची वही शेजारी-शेजारी ठेव. म्हणून आत्तापासूनच जुनी पानं जपून ठेव, मी पहिल्या वर्षी सगळी रद्दीत घातली होती.

पहिल्या दिवशी कॉटनची साडी नाहीतर सलवार-कमीज घाल, दिवसभर खाली बसावं लागतं. आणि रात्री फोन कर, पण नऊनंतर. त्याआधी मी वह्या तपासत असते.