अठ्ठ्याहत्तर पानांचा कंटाळा

प्रश्न : टॅरोचा संच हौसेने घेतला, दोन महिने अर्थ पाठ केले. आता पेटी उघडावीशीच वाटत नाही. काय करावे?
– एक वाचक भगिनी, किन्हीराजा (जि. वाशीम)

उत्तर : नवशिक्याचा उत्साह बहुधा घोकंपट्टीतच आटतो. पाने ७८, सुलट-उलट अर्थ धरले तर १५६. एवढे डोक्यात कोंबल्यावर चित्राकडे पाहणार कोण?

अर्थांची पुस्तिका महिनाभर कपाटात ठेवावी. रोज एकच पान काढून पाच मिनिटे नुसते न्याहाळावे, वहीत तीन ओळी लिहाव्यात. १९०९ साली निघालेल्या, पॅमेला कोलमन स्मिथ यांनी चितारलेल्या प्रसिद्ध संचातली पेल्यांची पंजी घ्या. काळ्या झग्यातला माणूस सांडलेल्या तीन पेल्यांकडे मान घालून उभा आहे. पाठीमागचे दोन पेले मात्र शाबूत आहेत आणि त्याचे तिकडे लक्षच नाही. हे एकदा डोळ्यांत भरले की वेगळा अर्थ पाठ करावा लागत नाही.

पानांचे दडपणही घेऊ नये. टॅरो पंधराव्या शतकात इटलीत खेळ म्हणूनच जन्मला. भविष्य त्याला खूप नंतर चिकटले. आपल्याकडेही सावंतवाडीची गंजिफा हा पत्त्यांचा खेळ आहेच. दशावतारी संचात दहा अवतार, प्रत्येकाची बारा, अशी १२० गोल, हाताने रंगवलेली पाने. तिथल्या राजघराण्यातील शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात ही कला पुन्हा उभी केली. टॅरोची पेल्यांसारखी चार कुळे समजायला ही अवतारांची विभागणी मनात ठेवली तर फार सोपे जाते.

आजारपण किंवा कर्जाचा निर्णय मात्र पानांवर सोपवू नये.